आकाशदर्शनाच्या ग्रुपमध्ये पोरं येत असतील तर

रात्री रामटेककडे टेलिस्कोप घेऊन जाणारा आपला ग्रुप असेल अन् त्यात शाळकरी पोरं येत असतील, तर एक मोठा माणूस अन् एक पोरगं असं एकटं कुठंच ठेवू नका, गाडीत तर नाहीच नाही. काही काका अंधारात पोराची मान धरून डोळा आयपीसला लावून देतात ना, ते बंद करा. स्टूल ठेवा अन् तोंडानं सांगा. मेसेज आईबाबा असलेल्या ग्रुपवरच.

पोरानं काही सांगितलंच तर उलटतपासणी नको बापा, शांतपणे ऐका, 'कोणालाच नाही सांगणार' असं वचन देऊ नका अन् त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. लैंगिक प्रकार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ग्रुपची बदनामी होईल म्हणून दाबून ठेवलं तर ते दाबणं हाही गुन्हा होतो (अन् दाबायला सगळ्यात आधी जुने मेंबरच येतात). पोराचं नाव मात्र कुठं फुटू देऊ नका. पोरांच्या हेल्पलाइनवर, १०९८ वर, चोवीस तास फोन करता येतो.

म्हाताऱ्या मेंबरांकडंही लक्ष असू द्या, कोणी त्यांना सारखे उसने पैसे नाहीतर यूपीआय पिन मागत असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.