परवाना एकच, मग महिना कोणता? खान्देशात हरणं पाहायला जाण्याआधी

हरणासाठी एकच परवाना मिळणार असेल तर तो कोणत्या महिन्यात वापरायचा, हा प्रश्न. हरणाची शिकार कायद्यानं गुन्हा आहे. त्यामुळे आता ‘परवाना’ म्हणजे अभयारण्यातला प्रवेश, नाहीतर बुद्धपौर्णिमेच्या रात्री चांदण्यात पाणवठ्यावरचे प्राणी मोजतात, त्या प्राणीगणनेत मचाणावर मिळणारी एका रात्रीची जागा. ही जागा सहज मिळत नाही. मचाणं मोजकी, एका मचाणावर दोन-तीन माणसं आणि अर्जांची मात्र रांग. एवढं करून बहुतेक जण मे महिना धरतात, कारण ‘उन्हाळ्यात पाण्यावर सगळं येतं’. हे अर्धंच खरं आहे. आधी कोणतं हरीण पाहायचं ते ठरवा, मग महिना ठरवा.

खान्देशातल्या जागांपासून सुरुवात करू. सातपुड्याच्या पायथ्याचं यावल अभयारण्य १७७.५२ चौरस किलोमीटरचं. पाल गावाहून आत शिरलात की सुकी नदीचं खोरं लागतं. इथं चितळ, सांबर, भेकर तिन्ही आहेत, पण ताडोबासारखे पावलोपावली कळप दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. चाळीसगावच्या अंगाला पाटणादेवीपासून पुढे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, २६० चौरस किलोमीटरचं. शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य ८३ चौरस किलोमीटरच्या आसपास. ते उघडं, कोरडं रान आहे. तिथं चिंकारा आणि भेकर शोधायचं, सांबर नव्हे.

आता मुख्य मुद्दा शिंगांचा. चितळ, सांबर आणि भेकर ही सारंग कुळातली हरणं. यांच्या नराची शिंगं भरीव असतात, गळतात आणि पुन्हा उगवतात. चिंकारा, चौशिंगा, काळवीट, रोही (नीलगाय) हे कुरंग. यांची शिंगं पोकळ आणि जन्मभराची, म्हणून त्यांच्यासाठी शिंगांचा हंगाम पाहायची गरज नाही. सारंगांचं तसं नाही. सांबराचा नर मार्च-एप्रिलमध्ये शिंगं टाकतो. पावसाळाभर नव्या शिंगांवर मखमली कातडं असतं, आत रक्त खेळत असतं, हात लावला तर ऊब लागेल असं. पाऊस सरता सरता ते कातडं वाळतं, नर झाडाच्या बुंध्यावर शिंगं घासून ते सोलून काढतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात माजावर येतो. म्हणजे भरल्या शिंगांचा सांबर पाहायचा असेल तर मेचं मचाण ही चुकीची निवड आहे. मे महिन्यात पाण्यावर येणारा मोठा नर बहुतेक वेळा बोडका असतो, किंवा कपाळावर नुसते मखमली खुंट घेऊन येतो.

चितळाचं गणित उलटं. चितळाच्या नरांची शिंगं एकाच वेळी गळत नाहीत. कोणत्याही महिन्यात एखादा भरल्या शिंगांचा नर दिसू शकतो. पण मध्य भारतात माजाचा जोर एप्रिल ते जून, त्यातही मे. तेव्हा नर सकाळ-संध्याकाळ घोगऱ्या आवाजात ओरडतात, फांद्यांवर शिंगं घासतात, मागच्या पायांवर उभे राहून वरच्या डहाळीपर्यंत पोचतात. चितळासाठी मे सोडून दुसरा महिना सुचवण्यात अर्थ नाही.

भेकर एकटं-दुकटं, गर्द नाल्यात राहणारं. ते दिसण्याआधी ऐकू येतं, कुत्र्यासारखं भुंकतं. सागाची पानं झडल्यावर, जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीभर, ते नजरेला पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. चिंकाऱ्यासाठी पाणवठ्यावर बसणं म्हणजे वेळ वाया. तो पाण्यावाचून बरेच दिवस काढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अनेरकडच्या उघड्या उतारांवर सकाळी दुर्बीण फिरवावी. चौशिंग्याला मात्र पाणी नेमानं लागतं, त्याच्यासाठी उन्हाळाच.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात: रस्ते बंद, झाडोरा दाट, डास भरपूर. परवाना त्यावर खर्च करू नका. ऑक्टोबरमध्ये रान हिरवं-पिवळं, देखणं दिसतं, पण गवत कमरेएवढं असतं आणि त्यात चितळाची फक्त पाठ दिसते. शिवाय कुसळी गवत तेव्हा पिकलेलं असतं, त्याची कुसळं मोज्यांतून आत शिरतात आणि माणूस हरणाऐवजी पायाकडे बघत बसतो. नोव्हेंबरच्या मध्यानंतर गवत आडवं होतं. म्हणून सांबरासाठी १५ नोव्हेंबर ते डिसेंबरअखेर हाच काळ धरा.

हिवाळ्यात गेलात तर पाणवठा विसरा. ओढ्यांत, डबक्यांत सगळीकडे पाणी असतं, जनावर एका जागी येत नाही. त्याऐवजी उन्हाचा विचार करा. जानेवारीच्या सुरुवातीला जळगावकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पहिलं ऊन पूर्वेच्या उतारावर पडतं आणि हरणं तिथं अंग शेकत उभी राहतात, नऊपर्यंत. वाऱ्याचं एक नेमकं लक्षात ठेवा: पहाटे थंड हवा डोंगरावरून दरीत उतरते, ऊन तापलं की ती उलटी, दरीतून वर चढते. म्हणून सकाळी हरणांच्या खालच्या अंगाला थांबा, नऊ-साडेनऊनंतर वरच्या अंगाला. हे उलटं केलंत तर तुमचा वास आधी पोचतो आणि उतार मोकळा होतो. वाटाड्या सोबत असल्याशिवाय आणि परवानगी असलेल्या वाटेशिवाय चालू नका. या रानांत बिबट्या आणि अस्वल दोन्ही आहेत.

मार्च-एप्रिलचा एक छोटा, फार चांगला तुकडा आहे: मोहाचा. मोहाची फुलं पहाटे गळतात. उजाडता उजाडता झाडाखाली पिवळसर, रसाळ, मण्यांसारखा सडा पडलेला असतो, वास दूरवर येतो, आणि चितळ, सांबर, भेकर सगळे तो खायला येतात. अस्वलही येतं, हे विसरू नका. त्याच वेळी पाड्यांवरची माणसं टोपल्या घेऊन फुलं वेचायला येतात. ते त्यांचं वर्षाचं उत्पन्न आहे, त्यांच्या झाडापाशी ठाण मांडू नका. वस्तीपासून लांबचं झाड निवडा आणि उजाडण्याआधी, गाडीतच, वारा झाडाकडून तुमच्याकडे येईल अशा बाजूला थांबा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ, तेव्हा बिडी-काडी खिशात नकोच.

आता बुद्धपौर्णिमा. ती तारीख दरवर्षी सरकते, आणि खान्देशात दोन आठवड्यांचा फरक मोठा असतो. २०२४ मध्ये ती २३ मे रोजी होती, २०२५ मध्ये १२ मे, २०२६ मध्ये १ मे. पौर्णिमा लवकर आली की नाल्यांच्या कोपऱ्यांत अजून पाणी शिल्लक असतं, जनावर विखुरलेलं राहतं आणि एकेका मचाणावर नोंदी कमी होतात. अशा वर्षी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा की पंचक्रोशीतलं शेवटचं पाणी कुठलं, आणि तीच जागा मागा. आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला तर हे सगळं बिघडतं. पाऊस झाला आणि तारीख बदलून मिळत असेल तर बदला.

मचाणाची जागा निवडायची मुभा असली तर पाणवठ्याच्या आग्नेयेची मागा. उन्हाळ्यातला पुनवेचा चंद्र आभाळाच्या दक्षिण अंगानं जातो, मध्यरात्रीही पुरता डोक्यावर येत नाही. आग्नेयेला बसलात की चांदणं पाठीमागून पाण्यावर पडतं. त्या दिवसांत वारा बहुतेक पश्चिमेकडून, तो पाण्यावरून तुमच्याकडे येतो आणि तुमचा वास मागे जातो. तोटा एकच: मावळतीचं ऊन अर्धा तास डोळ्यांत येतं. टोपी पुढे ओढून तेवढा वेळ काढा.

चारच्या आत मचाणावर चढा. माणशी पाच लिटर पाणी घ्या, चार लिटर सकाळपर्यंत पुरत नाही. दिवसाचा पारा ४३-४४ ला असतो. दशमी, चटणी, गूळ-शेंगदाणे कापडात बांधून न्या, प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज रात्री फार लांब जातो. अत्तर, गुटखा, वासाचं तेल घरी ठेवा. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद बांधा आणि ती फक्त नोंद लिहिताना, मांडीवर धरून लावा.

दुर्बीण ७×५० ची (सातपट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) असेल तर उत्तम, चांदण्यात ती ८×४२ पेक्षा उजळ दाखवते. कॅमेऱ्यावर मात्र भिस्त ठेवू नका. जास्तीत जास्त उजेड टिपेल असा, म्हणजे आयएसओ ६४०० आणि एफ २.८ वर ठेवूनही चांदण्यात जवळपास अर्ध्या सेकंदाचा वेळ लागतो, तेवढ्यात पाणी पिणारं सांबर चार वेळा मान हलवतं. फोटो संध्याकाळी सहा ते पावणेसात आणि पहाटे सहानंतर काढा, मधल्या वेळात डोळ्यांनी पाहा. फ्लॅश कधीच नको.

गळालेलं शिंग वाटेत दिसलं तर तिथंच राहू द्या, अभयारण्यातून काहीच उचलायचं नसतं. नोंदवहीत त्याची जागा लिहा, ती माहिती कामाची असते.

सगळ्यात जास्त चुका नोंदीच्या तक्त्यावर होतात. एकच कळप नऊ वाजता आणि पुन्हा अकराला आला की दोनदा मोजला जातो. म्हणून वेळ, संख्या, लहान-मोठे, कुठल्या बाजूनं आले आणि कुठे गेले, हे पाचही रकाने त्या त्या वेळीच भरा. दुसरी चूक सांबराची: बोडकं दिसलं की ‘मादी’ लिहून मोकळं होतात. मे महिन्यात घाई करू नका. मान जाड आहे का, गळ्याखाली राठ केसांची आयाळ आहे का, कपाळावर दोन खुंट आहेत का, ते दुर्बिणीतून पाहा. प्राणी पाण्याकडे वाकतो तेव्हा खुंट स्पष्ट दिसतात. तरीही खात्री झाली नाही तर रकान्यात लिहा: ‘सांबर, १, नर-मादी ओळखू आले नाही.’