फिटच्या गोळ्यांचा त्रास मुकाट्याने सोसू नका, पण गोळीही सोडू नका

मी नवीन नाशिकला, म्हणजे आमच्या तोंडी सिडकोत, ब्लाउज शिवते. कॉलेजात असल्यापासून फिटच्या गोळ्या चालू आहेत. आधी फेनिटॉइन, मग वाल्प्रोएट, आता लेव्हेटिरासिटाम. माप देता देता बायका हळूच विचारतात, "ताई, माझी भाची पण घेते हो या गोळ्या, दिवसभर पेंगते. बंद केल्या तर?"

मनाने बंद करायच्या नाहीत. गोळी एकदम तोडली की फिट दुपटीने परत येऊ शकते, एकीला लागून दुसरी येऊ शकते, आणि ते जिवावर बेततं. पाच मिनिटांपेक्षा लांबलेली किंवा शुद्ध न येता लागोपाठ आलेली फिट म्हणजे लगेच 108. (कांदा हुंगवत बसू नये. आपल्या जिल्ह्यात कांद्याला तोटा नाही, पण फिटवर त्याचा काडीचा उपयोग नाही.) गोळी कमी करायची असते, बदलायची असते, बंदही होते, पण डॉक्टरांच्या हाताने आणि पायरीपायरीने. त्यांना ते नीट करता यावं म्हणून आपण काय करायचं, ते सांगते.

पहिल्यांदा, कशासाठी थांबायचं नाही ते. लॅमोट्रिजिन, कार्बामॅझेपीन, ऑक्सकार्बाझेपीन, फेनिटॉइन यांपैकी काही नवीन सुरू झालं असेल आणि पहिल्या दीड-दोन महिन्यांत अंगावर पुरळ आलं, तर 'उष्णता झाली असेल' म्हणून सब्जा पीत बसू नका. सोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सुटणं यातलं काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. पुढचा डोस घ्यायच्या आधी डॉक्टरांशी बोला. फोन लागत नसेल तर गोळीचं पाकीट घेऊन थेट मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत जा. वाल्प्रोएटवर असाल आणि उलट्या थांबत नसतील, पोट दुखत असेल, डोळे पिवळे दिसत असतील किंवा माणूस गुंगीतच असेल, तरी तसंच. आणि कुठल्याही गोळीवर जीव नकोसा वाटण्याचे विचार यायला लागले, तर ते घरात लगेच बोला आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

बाकीचे त्रास छळतात, पण त्यांच्यावर इलाज असतो. फक्त डॉक्टरांपुढे गेल्यावर "त्रास होतो हो" एवढंच म्हणून भागत नाही. ओपीडीत आपल्या वाट्याला येतात पाच-सात मिनिटं. मी कालनिर्णयच्या चौकोनात लिहिते. गोळी घेतल्याची वेळ, त्रास सुरू झाल्याची वेळ, आणि त्यामुळे कुठलं काम अडलं. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं.

माझंच सांगते. वाल्प्रोएटवर असताना हात थरथरायचा. कात्री चालायची, मशिनही चालायचं, कारण तिथे कापडाला दोन्ही हातांचा दाब असतो. अडायचं ते हूक लावताना. सुईच्या नेढ्यात दोरा जायचा नाही, गेला तर हुकाच्या बारक्या कडीतून सुई निसटून बोटात घुसायची, आणि अस्तराच्या पिवळ्या कापडावर रक्ताचा ठिपका. मी चौकोनात लिहायला लागले, 'गोळी 9, हात 11 ते 1, हूक नाही'. महिनाभराचं पान डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी मला दोन्ही हात पुढे ताणून धरायला लावले, कागदावर गोल गोल जिलबी काढायला लावली, थायरॉइडची तपासणी लिहून दिली, आणि साध्या गोळीऐवजी हळूहळू विरघळणारी गोळी देऊन डोस थोडा खाली आणला. वाल्प्रोएटची थरथर बहुतेक वेळा डोसवर असते, म्हणून तो कमी केला की उतरते. माझी गेली नाही, पण हूक लागायला लागले. तोवर मी हातशिलाई सकाळी गोळीच्या आधीच उरकायची, कोपरं टेबलावर टेकवून. चहाही एकावर आणला, कारण चहा-कॉफीने थरथर वाढते.

झोपेचं म्हणाल तर सुरुवातीचे काही आठवडे आणि डोस वाढवल्यावर गुंगी येतेच, पुढे बरीच ओसरते. ओसरली नाही तर विचारा, 'मोठा हिस्सा रात्रीच्या डोसात टाकता येईल का?' कार्बामॅझेपीन घेतल्यावर तास-दोन तासांनी एकाचे दोन दिसत असतील, चालताना झोक जात असेल, तर ती वेळ लिहून ठेवा. डोस विभागून किंवा हळू विरघळणारी गोळी देऊन फरक पडतो. फेनिटॉइनचं मात्र विचित्र असतं. डोस थोडासा वाढवला तरी रक्तातली पातळी एकदम चढू शकते, म्हणून त्यावर झोक जायला लागला तर रक्ततपासणी करून घ्यावी. आणि वयस्कर माणूस कार्बामॅझेपीन किंवा ऑक्सकार्बाझेपीनवर असेल, जोडीला बीपीची लघवी वाढवणारी गोळी असेल, आणि तो सुस्त, गोंधळलेला वाटत असेल, तर वयावर ढकलू नका. या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरतं. साध्या रक्ततपासणीत कळतं. गुंगी असताना स्कूटी नको. सिटीलिंकच्या बसला गर्दी असते हे मान्य, पण नको म्हणजे नको.

फेनिटॉइनने हिरड्या सुजून दातांवर चढतात. मऊ ब्रशने दोन्ही वेळा दात घासा, सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांकडून सफाई करून घ्या आणि त्यांना गोळीचं नाव सांगा, नाहीतर ते नुसती हिरडी बघत बसतात. वाल्प्रोएटने भूक खवळते आणि केस विरळ होतात. केस सहसा परत येतात. वजनासाठी महिन्यातून एकदा काटा बघा. मिसळ सोडा असं मी नाशिककराला सांगणार नाही, पण तर्रीबरोबर तिसरा पाव मागवायचा नाही. वर्षानुवर्षं फेनिटॉइन, कार्बामॅझेपीन किंवा फेनोबार्बिटोन चालू असेल तर हाडं ठिसूळ होतात, म्हणून ड जीवनसत्त्व तपासून घ्या. टोपिरामेटवाल्यांनी एप्रिल-मे जपून काढावा. घाम कमी येतो, अंग तापतं, मूतखड्याचीही भीती असते, म्हणून पाणी भरपूर प्यायचं. बोटांना मुंग्या येतात आणि ऐन बोलताना शब्द सापडत नाही, तेही त्याच गोळीचं. परीक्षेच्या वर्षातल्या मुलांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

आता स्वभाव. लेव्हेटिरासिटामने काही जणांची चिडचिड वाढते, मुलांचीसुद्धा, आणि ज्याची वाढते त्याला ती दिसत नाही. आमच्याकडे सासूबाईंनी पहिल्यांदा ओळखलं. "अगं, तू बोलत नव्हतीस अशी, गोळी बदलल्यापासून बोलतेस," म्हणाल्या. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरचं कोणीतरी बरोबर न्या आणि बोलू द्या. डोस कमी करता येतो, दुसरी गोळी देता येते. मला डोस उतरवून पुरलं.

बायकांसाठी एक गोष्ट ठळक सांगते, कारण कित्येकींना ती कोणी सांगितलेलीच नसते. गरोदरपणात वाल्प्रोएट चालू असेल तर 100 बाळांमागे साधारण 10 जणांना जन्मतः व्यंग असतं, आणि 30 ते 40 मुलांना पुढे बोलण्या-शिकण्यात अडचणी येऊ शकतात. म्हणून लग्न ठरतानाच, मूल हवं म्हणण्याच्या कितीतरी आधी, डॉक्टरांशी बोला. गोळी बदलायला महिने लागतात, फॉलिक अॅसिडही आधीपासून सुरू करतात. धाकट्याच्या आधी माझी गोळी अशीच बदलली. दिवस गेल्याचं अचानक कळलं तरी घाबरून गोळी तोडू नका, त्या आठवड्यातच डॉक्टरांना गाठा. आणखी एक. कार्बामॅझेपीन, फेनिटॉइन यांच्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो. लॅमोट्रिजिनचं उलटं, गर्भनिरोधक गोळीमुळे त्याचीच पातळी घसरू शकते.

मेडिकलवर गेलात की तोंड उघडून सांगा, 'मला फिटच्या गोळ्या चालू आहेत.' जुलाबावर सर्रास दिली जाणारी ओफ्लॉक्सासिन, दुखण्यावरची ट्रॅमाडॉल यांनी फिट येण्याचा धोका वाढतो. क्लॅरिथ्रोमायसिनने कार्बामॅझेपीनची पातळी चढते आणि माणूस भोवंडतो. 'आयुर्वेदिक आहे, चालतं' हेही खरं नाही. शंखपुष्पीच्या औषधाने फेनिटॉइनची पातळी उतरून फिट परत आल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी 1992 मध्येच लिहून ठेवलंय, आणि बुद्धी वाढावी म्हणून ते सिरप आजही घरोघरी पोरांना पाजतात. स्वस्त म्हणून जेनेरिक घ्यायला हरकत नाही, जनऔषधीतून खुशाल घ्या, पण दर महिन्याला कंपनी बदलू नका. रिकामी स्ट्रिप दाखवून तीच मागा.

उपासाला गोळी चालते का, हा प्रश्न नवरात्रात हमखास येतो. चालते, पाण्याबरोबर घ्यायची, देवी रागवत नाही. निर्जळी मात्र करू नका, आणि सप्तशृंगी गडावर जाताना गोळ्या बॅगेत न ठेवता स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. डोस विसरला तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे आमच्याकडच्या रंगाच्या पाण्याच्या मोठ्या हौदात, उडी मारायला पोरं ओढतात. फिट असलेल्याने काठावरूनच रंग खेळावा, गोळ्या नियमित असल्या तरी. रामकुंडावरही एकट्याने उतरू नये.

एखादा साइड इफेक्ट झाला तर त्याची सरकारकडे नोंद पेशंटलाही करता येते. फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडियाचा टोल फ्री नंबर आहे 1800-180-3024. फोन करताना गोळीचं नाव, कंपनी, बॅच नंबर आणि सुरू केल्याची तारीख हाताशी ठेवा. स्ट्रिप कापताना बॅच नंबरचा तुकडा आधी फाटतो, म्हणून पाकीट आणल्या आणल्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायचा.