पावतीपुस्तक हातात आलं की

सामाजिक संस्थेत नव्याने आलात की पहिल्याच आठवड्यात हातात पावतीपुस्तक पडतं. माझ्या हातात नऊ वर्षांपूर्वी पडलं, फोंड्यात. कसं मागायचं ते सगळ्यांनी शिकवलं. घेतल्यावर कसं वागायचं, ते मी चुकून शिकले.

कवळ्याच्या एका आजींनी तांदळाच्या डब्यातून रुमालाची गाठ काढली. पंधराशे रुपये होते, नोटांना कोंडा लागलेला. "मुलींच्या वह्यांना हं, बाय," म्हणाल्या. मी पावतीवर नुसतं 'देणगी' लिहिलं. पैसे सर्वसाधारण खात्यात गेले आणि त्यातून संस्थेच्या गाडीचे टायर आले. चवथीच्या आधी आजी बाजारात भेटल्या. "मिळाल्या गो वह्या?" मी "हो" म्हटलं. आठ दिवस नीट झोप लागली नाही. शेवटी जाऊन खरं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "टायर नसते तर गाडी चालली नसती, ते कळतं मला. पण आधी विचारायचं होतंस."

तेव्हापासून देणाऱ्याचा हेतू मी त्याच्याच शब्दांत पावतीवर लिहिते. हेतू बदलायची वेळ आली तर आधी फोन करते. कार्यालयाचं भाडं, पगार यांसाठी पैसे हवे असतील तर तसंच सांगून मागते. लोक देतात. खोटं सांगून मागायची गरज नसते.

करसवलतीचं आमिष तर मुळीच दाखवू नका. देणगीवर आयकरात मिळणारी वजावट, जिला 80जी म्हणतात, ती नव्या करप्रणालीत मिळत नाही आणि जुन्या प्रणालीतही 2000 रुपयांवरच्या रोख देणगीला नाही. समोरचा कुठल्या प्रणालीत आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं. वजावट घेणाऱ्याला संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. ते वेळेत पाठवा, त्याला चार चार फोन करायला लावू नका.

गोव्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. इथल्या बऱ्याच घरांतलं कोणीतरी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात असतं. माणूस आपल्याच वाड्यावरचा, पण कायद्याने परदेशी नागरिक, म्हणून त्याची देणगी विदेशी ठरते. एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी, आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं नसेल, तर ती घेता येत नाही. भारतीय पासपोर्टवर आखातात राहणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेल्या पैशाला हा नियम लागू नाही. म्हणून पासपोर्ट कुठला ते आधीच विचारा. विचारायला अवघड वाटतं, पण आलेले पैसे परत करताना त्या माणसाचा चेहरा पडतो, तो बघवत नाही.

आणि नाव. फलकावर घालायच्या आधी विचारा. डिचोलीचे एक गृहस्थ दरवर्षी देतात आणि पावती कुलदेवाच्या नावाने मागतात. ती तशी देता येत नाही, म्हणून पावती त्यांच्या नावाची आणि फलकावर फक्त 'एक हितचिंतक'. त्यांचा फोन नंबर आजही आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही.