घरातल्यांबद्दल लिहायचंय पण हात थांबतो, तेव्हा काय करायचं

मला माझ्या मावशीवर कथा लिहायची होती. तिला नवऱ्याने टाकलं होतं आणि चाळीस वर्षं ती माहेरीच राहिली, सगळ्यांच्या लग्नात राबली पण फोटोत कुठेच नाही. पहिलं पान तीन वर्षांत मी किमान दहा वेळा लिहिलं असेल आणि दर वेळी तिसऱ्या परिच्छेदाला अडकले. वेळ नाही, मूड नाही, सुचत नाही असं सगळ्यांना सांगायचे. मूड वगैरे काही नव्हतं हो, भीती होती, मामा वाचेल याची.

म्हणून सगळ्यात आधी हे करा. एका कागदावर लिहा की हे कोणी वाचलं तर मला मेल्याहून मेल्यासारखं होईल. "लोक" असं नाही लिहायचं, नाव लिहायचं. सासूबाई, मोठा भाऊ, ऑफिसमधली एखादी, जे असेल ते. "लोक काय म्हणतील" याच्याशी भांडता येत नाही कारण ते कोण हेच माहीत नसतं, पण एक माणूस असेल तर त्याचं काय करायचं ते ठरवता येतं. माझ्या कागदावर एकच नाव आलं आणि मला खरंच रडू आलं, कारण तीन वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते.

मग लिहिणं आणि दाखवणं ही दोन कामं वेगळी करा. आपल्याकडे ही दोन्ही एकच धरली जातात, लिहिलं की लगेच ग्रुपवर टाकायचं. तसं नको. दलित लेखिका बेबी कांबळे फलटणला किराणा दुकान चालवायच्या, आणि घरच्यांना कळू न देता त्यांनी वर्षानुवर्षं वह्या लिहून ठेवल्या. त्यातून 'जिणं आमुचं' हे त्यांचं आत्मकथन आलं, पुस्तक निघालं 1986 साली. मला ही गोष्ट कळली तेव्हा फार धीर आला. लपवून लिहिलेलं सुद्धा लिहिणंच असतं, आणि बाहेर कधी काढायचं ते नंतर बघता येतं.

एक साधी दोनशे पानी वही घ्या, मोबाईलवर नको, मोबाईल घरात कोणीही उचलतं. पंधरा मिनिटं घड्याळ लावायचं आणि खोडायचं नाही. हे पंधरा मिनिटांचं मी मनाने सांगत नाहीये, अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या सगळ्यात दुखऱ्या अनुभवावर लिहायला लावलं होतं, तो अभ्यास 1986 चा. लिहिल्या लिहिल्या मुलांना आधी जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिलं होतं त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. त्यामुळे लिहून उठल्यावर जड वाटलं तर आपलं काहीतरी चुकतंय असं समजू नका. उठल्यावर लगेच वाचायचं मात्र नाही, वही बंद करून कपाटात ठेवायची आणि भाजी चिरायला घ्यायची.

पण जखम ताजी असेल, झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल तर वही बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, मराठीतून बोलता येतं. लिहिणं पळून जात नाही कुठे.

आता भाषेची लाज. ही मला सगळ्यात जास्त नडली आणि याच्यावर कोणी फार बोलत नाही. मावशी बोलायची बार्शीकडचं, आणि मी तिच्या तोंडी पुस्तकी वाक्यं घालत होते, "मला अतिशय दुःख झाले" वगैरे. शाळेत "न" आणि "ण" वरून हसलेले आवाज आपल्या डोक्यात बसलेले असतात ना, ते पेन धरलं की परत बोलायला लागतात. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, त्यांची गाणी दुसऱ्यांनी उतरवून घेतली, आणि त्या गेल्यावर 1952 ला पुस्तक आलं ते खानदेशातल्या त्यांच्या बोलीतच. तर आधी मोठ्याने बोला, फोनवर रेकॉर्ड करा, मग तसंच उतरवा. शुद्धलेखन शेवटच्या खर्ड्यात बघू. माझा तिसरा परिच्छेद या एका गोष्टीने सुटला, मावशी स्वतःच्या आवाजात बोलायला लागली आणि मी नुसती लिहीत गेले.

दाखवायची वेळ आली की नुसतं नाव बदलून भागत नाही, गावात सगळे ओळखतात. गाव बदला, धंदा बदला, भावंडांची संख्या बदला, दोन माणसांचा एक माणूस करा. आणि ज्याच्यावर लिहिलंय तो माणूस हयात असेल आणि त्याने तुमचं वाईट केलेलं नसेल तर त्याला आधी वाचून दाखवा. हे माझं ठाम मत आहे, काही लेखकांना पटत नाही. मी मावशीला वाचून दाखवलं. तिने मध्येच थांबवून सांगितलं की ती माहेरी आली तेव्हा ट्रंक नव्हती, धडप्यात बांधलेली दोन लुगडी होती, ते नीट लिही. मामाचं तिने नावही काढलं नाही.

आणि परत आलेलं साहित्य. बऱ्याचदा नकारही येत नाही, नुसती शांतता असते, आणि ती नकारापेक्षा वाईट. बरेच दिवाळी अंक जून-जुलैतच साहित्य मागवतात, संपादकापुढे गठ्ठा असतो, तुमच्या मावशीला कोणी नाकारलेलं नसतं. एका वहीत तारीख, कुठे पाठवलं, पानं किती एवढं मांडून ठेवा, आणि पाठवतानाच पुढचं ठिकाण खाली लिहून ठेवा. दोन ठिकाणी एकदम पाठवू नका, ते बरं दिसत नाही. उत्तर नाही आलं तर तीन महिन्यांनी एक फोन करायचा, नम्रपणे, आणि नाही म्हणाले तर त्याच संध्याकाळी खालच्या पत्त्यावर पाठवायचं. माझी कथा चौथ्या ठिकाणी लागली.