टी-शर्ट प्रिंटिंग करून घेताय? स्क्रीन, डीटीएफ, सब्लिमेशन, व्हिनाइल सगळ्यात होणाऱ्या या चुका टाळा

जुलै लागला की मंडळांचे, ढोल पथकांचे फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, एका टी-शर्टचे किती पडतील?" आता कापड कुठलं, नग किती आणि डिझाइनमध्ये रंग किती हे कळल्याशिवाय दर काय सांगणार. बरं, त्यात बरेच जण टी-शर्ट आधीच घेऊन ठेवतात, कुणीतरी ओळखीचा होलसेलवाला स्वस्तात देतो म्हणून, आणि मग छपाईवाला शोधत फिरतात. उलटं करा. छपाईची पद्धत कापडावरून ठरते, तुमच्या आवडीवरून नाही.

कापड न बघता पद्धत ठरवणं

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. सब्लिमेशन स्वस्त असतं, हाताला प्रिंट लागत नाही, म्हणून लोक म्हणतात आम्हाला तेच पाहिजे, आणि हातात देतात शुद्ध कॉटनचा टी-शर्ट. सब्लिमेशनमध्ये १९०-२०० डिग्रीला शाईचा वायू होतो आणि तो पॉलिस्टरच्या धाग्यात आत शिरून बसतो. कॉटनच्या धाग्यात तो टिकतच नाही, त्यामुळे प्रेसखालून (गरम करून दाब देणाऱ्या मशीनखालून) काढल्यावर फिकट का होईना डिझाइन दिसतं आणि पहिल्या-दुसऱ्या धुण्यात निघून जातं. त्यात पांढरी शाई हा प्रकारच नाही, म्हणजे काळ्या टी-शर्टवर सब्लिमेशन केलंत तर काहीच दिसणार नाही. पांढरं किंवा फिकट पॉलिस्टर असेल तरच तिकडे जा. क्रिकेट टूर्नामेंटच्या जर्सीला मात्र याच्यासारखं दुसरं काही नाही, अख्खं कापड छापून मग शिवतात, घाम आला तरी प्रिंट कुठे चिकटत नाही.

दुसरी गंमत लाल किंवा मरून ड्रायफिटची, म्हणजे खेळाच्या पॉलिस्टर टी-शर्टची. त्यावर पांढऱ्या प्लास्टिसोलने (स्क्रीन प्रिंटिंगची प्लास्टिकसारखी शाई) नाव छापलं, घेताना एकदम झकास दिसलं, आणि दोन दिवसांनी पांढरं नाव गुलाबी! मग छपाईवाल्याशी भांडण की शाई भेसळीची वापरली. तसं नसतं हो. पॉलिस्टरला दिलेला रंग उष्णता मिळाली की सुटतो आणि वरच्या पांढऱ्या शाईत हळूहळू चढतो. डीटीएफमध्येही (डिझाइन आधी फिल्मवर छापून मग प्रेसने कापडावर चिकटवतात) हेच होतं. उपाय म्हणजे लो ब्लीड (कापडाचा रंग कमी चढणारी) पांढरी वापरायची, खाली ग्रे ब्लॉकरचा, म्हणजे रंग अडवणाऱ्या राखाडी शाईचा, एक कोट द्यायचा आणि उष्णता लागेल तेवढीच द्यायची, आणि सॅम्पल बघायचं ते दोन-तीन दिवस ठेवून, लगेच नाही.

कापड काय आहे ते दुकानदाराच्या तोंडावर सोडू नका. "कॉटनच आहे साहेब" म्हणून पीसी मॅटी (पॉलिस्टर-कॉटन मिक्स) गळ्यात मारतात. आतल्या शिलाईजवळचा एक धागा उपसा आणि सावकाश जाळून बघा, कॉटन असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, पॉलिस्टर वितळून आकसतं आणि टोकाला टणक मणी तयार होतो. मिक्समध्ये दोन्हीचं थोडं थोडं दिसतं.

नग किती, हे शेवटी सांगणं

स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम (जिच्या जाळीतून शाई कापडावर उतरते) लागते, आणि फ्रेम बनवायचा खर्च दहा नगांना तेवढाच आणि पाचशेला तेवढाच. म्हणजे चार रंगांचा लोगो आणि बारा टी-शर्ट असतील तर स्क्रीनच्या नादी लागू नका, डीटीएफ करा. दोनशे टी-शर्ट, एकच पांढरा रंग, मग स्क्रीनला पर्याय नाही, स्वस्तही पडतं आणि टिकतंही. हल्ली मात्र सगळे सरसकट डीटीएफ गळ्यात मारतात, कारण छपाईवाल्याला ते सोपं पडतं: फिल्म बाहेरून मीटरवर छापून आणायची आणि प्रेस मारायची, झालं. छातीवरच्या लोगोला डीटीएफ उत्तमच. पण ढोल पथकाच्या टी-शर्टला पाठीवर १२ बाय १४ इंचाचा सलग चौकोन डीटीएफमध्ये मारायचा म्हणजे पाठीला प्लास्टिक बांधून मिरवणुकीत पाच तास वाजवायला लावणं आहे. हवा जात नाही, घाम निघत नाही. तेच डिझाइन मागचा चौकोन काढून, मधे मधे कापड दिसेल असं केलं तर अंगावर बरंच हलकं बसतं.

व्हिनाइल (रंगीत प्लास्टिकच्या शीटमधून अक्षरं कापून प्रेसने चिकटवणं) फक्त नावं आणि नंबरांना घ्या, प्रत्येकाचं नाव वेगळं असतं तिथे. डीटीजी म्हणजे टी-शर्टवर थेट प्रिंटर चालवणं, ते कॉटनवर फोटोसारखं डिझाइन आणि एक-दोन नग असतील तर बेस्ट. गडद टी-शर्टवर डीटीजीची पांढरी शाई मळकट दिसत असेल तर बहुतेक वेळा प्रीट्रीटमेंट (छपाईआधी कापडावर मारायचं द्रावण) कमी पडलेली असते किंवा नीट वाळलेली नसते.

व्हॉट्सअपवरचा फोटो पाठवून "हेच छापा" म्हणणं

व्हॉट्सअप फोटो दाबून छोटा करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा मेल करा. साधा हिशोब, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) धरला तर १२ इंच रुंद प्रिंटला ३६०० पिक्सेल रुंदीची फाइल लागते, ८०० पिक्सेलचा लोगो ताणून काय होणार ते सांगायला नको.

आणि मराठी अक्षरं! कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) बनवलेली फाइल कर्व्हज न करता, म्हणजे अक्षरांचे आकार न बनवता, पाठवली की समोरच्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसतो आणि जोडाक्षरं सुटी होतात, वेलांटी भलतीकडे जाते. व्हिनाइलमध्ये तर आणखी एक त्रास, प्लॉटरने (कापणाऱ्या मशीनने) कापल्यावर नको असलेला भाग चिमट्याने उपसताना अनुस्वाराचा ठिपका त्याच्याबरोबर निघून येतो, आणि चाळीस जणांच्या पाठीवर "मित्र मडळ" छापून येतं. स्क्रीनमध्येही बारीक ठिपका फ्रेम धुताना बुजतो. म्हणून अनुस्वार, रफार, मात्रा जरा जाड ठेवायला सांगा आणि प्रूफ आलं की डिझाइन करणाऱ्यालाच नाही तर दुसऱ्या कुणाला तरी एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लावा.

ग्लो आणि शॅडोचा सोससुद्धा आवरा. डीटीएफमध्ये रंगाच्या मागे पांढरी शाई आणि गोंदाची पावडर असते, त्यामुळे अर्धपारदर्शक सावली काळ्या कापडावर मळकट पांढऱ्या कडेसारखी दिसते.

प्रिंट बिघडलंय, आता कारण शोधूया

स्क्रीनच्या प्रिंटला तडे गेलेत? बहुतेक वेळा शाई कच्ची राहिलेली असते. प्लास्टिसोल वरून हाताला कोरडी लागते म्हणजे ती पिकली असं नाही, शाईचा अख्खा थर खालपर्यंत साधारण १६० डिग्रीला पोचावा लागतो आणि घाईत गरम हवेच्या गनने वरच्या वर गरम करून गठ्ठे बांधले जातात. डिलिव्हरी घेताना एक टी-शर्ट प्रिंटजवळ दोन्ही हातांनी ताणून बघा. प्रिंट कापडाबरोबर ताणलं आणि परत आलं तर ठीक, बारीक रेघा फुटल्या तर तिथेच थांबवा, धुवायच्या आधी परत नीट गरम करून घेतलं तर बऱ्याचदा माल वाचतो.

काळ्यावर पांढरं फिकट दिसतंय? एकच हात मारलाय. पांढऱ्याला एक कोट, मधे फ्लॅश (थोडी उष्णता देऊन वरवर सुकवणं), मग दुसरा कोट असं लागतंच, आणि त्याचे पैसे जास्त लागले तर कुरकुर करू नका.

डीटीएफच्या कडा उचलतायत? कोल्ड पीलची (गार झाल्यावरच ओढायची) फिल्म गरम असतानाच ओढली असेल, नाहीतर प्रेसखाली कॉलर, बटण किंवा जाड शिलाई आली असेल आणि तेवढ्या भागात दाब बसला नसेल. वर बटर पेपर ठेवून दहा-पंधरा सेकंद परत प्रेस मारली की पुष्कळदा काम होतं. फिल्म काढल्यावर दुसरी प्रेस मारणं हे खरं तर आधीच करायचं असतं, वेळ वाचवायला तेच गाळतात.

पावसाळ्यात हे सगळे त्रास दुप्पट होतात, आणि आपल्या ऑर्डरी नेमक्या तेव्हाच. कोकणात, मुंबईत कॉटन हवेतलं पाणी ओढून बसलेलं असतं. टी-शर्ट नुसता पाच सेकंद प्रेसखाली धरा, वाफ निघताना दिसेल, ती गेली की मगच ट्रान्सफर (छापलेली फिल्म किंवा कागद) ठेवा. सब्लिमेशनमध्ये ओल राहिली तर रंगाचे डाग पडतात. डीटीएफची पावडर उघडी ठेवली तर गोळे होतात, मग ती सारखी पसरत नाही आणि कुठे चिकटतं, कुठे सुटतं.

ड्रायफिटवर प्रेसचा चकचकीत चौकोन उमटला असेल तर उष्णता किंवा दाब जास्त झाला, तो पूर्ण जाणं अवघड असतं.

घरी गेल्यावर

पहिले २४ तास धुवू नका. नंतर उलटा करून गार पाण्यात, आणि प्रिंटवर ब्रश घासायचा नाही, दगडावर आपटायचा तर अजिबात नाही. इस्त्रीवाल्याला मुद्दाम सांगा, कारण प्लास्टिसोल आणि डीटीएफ दोन्ही उष्णतेने मऊ होतात, सरळ इस्त्री फिरवली की अक्षरं इस्त्रीला चिकटून येतात. उलटा करूनच इस्त्री.

आणि एक, ऑर्डर देतानाच पाच-सहा नग जास्तीचे छापून घ्या, त्यात एक्सएल आणि डबल एक्सएल धरा. एखाद-दुसरा छपाईत खराब होतोच, आणि आगमनाच्या आदल्या रात्री "माझं नाव राहिलं रे" म्हणणारा कुणीतरी येतोच. तोपर्यंत छपाईवाल्याने फ्रेम धुऊन टाकलेली असते, आणि मग एका टी-शर्टसाठी पुन्हा नवीन फ्रेमचे पैसे भरा.