जास्वंदीचा लाल डाग का होतो? फोटोचं जलरंग चित्र करताना या चुका टाळा

जास्वंद दारातच असते, म्हणून पहिला प्रयोग बहुतेकांचा तिच्यावरच. दुपारी एक वाजता गच्चीत मोबाइलवर फोटो, मग फोटोशॉपची फिल्टर गॅलरी, आर्टिस्टिक, वॉटरकलर, ओके. अशाच एका फोटोची ए3 प्रिंट काढून फ्रेमही झाली. पाकळ्या पाच, दिसतो मात्र एकच लाल डाग. कुंकवाचा करंडा उपडा झाल्यासारखा. दोष अर्थातच प्रिंटवाल्याचा! कागद बदलून पुन्हा प्रिंट काढली, मग दुसऱ्या दुकानातून तिसरी. डाग जागचा हलला नाही.

खराबी फाइलमध्ये होती. फोटोत लाल, हिरवा, निळा असे रंगांचे तीन थर म्हणजे चॅनल असतात, प्रत्येकाचे आकडे 0 ते 255. सोलापूरच्या उन्हात लाल फुलाचा लाल चॅनल 255 ला टेकतो आणि तिथं सपाट होतो. पाकळीच्या शिरा, घड्या त्या चॅनलमधून पुसल्या जातात. फोटोतच नाही ते फिल्टर कुठून आणणार?

फोटो सकाळी आठच्या आत काढा. ऊन आलंच तर फूल आणि सूर्य यांच्यामध्ये धोतराचं एकेरी पान धरा. (टॉवेल नको, सोलापुरी तर नकोच, अंधार होतो.) एक्स्पोजर (फोटोचा उजेड) उणे 0.7 ते उणे 1 ठेवा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लाल चॅनलचा बघा, एकत्रित नव्हे. फोटो आधीच काढून झाला असेल तर हिरवा चॅनल उघडा, शिरा बहुधा तिथं शाबूत असतात. तो कॉपी करून नव्या लेयरवर पेस्ट करा, मोड ल्युमिनॉसिटी, ओपॅसिटी 30 ते 40 टक्के. लाल थोडा काळवंडतो, तो कर्व्हजनं उजळायचा. हे फिल्टरच्या आधी. नंतर करून काही मिळत नाही.

दुसरी चूक म्हणजे 6000 पिक्सेलच्या फोटोवर थेट फिल्टर. फिल्टरचा फटकारा पिक्सेलमध्ये मोजलेला असतो. एवढ्या मोठ्या फोटोवर तो बारीक खरखरीसारखा दिसतो, मग लोक तोच फिल्टर तीनदा मारतात आणि चित्र चिखलात जातं. आधी लांब बाजू 2000 पिक्सेल करा. वॉटरकलर फिल्टर सावल्या फार काळ्या करतो, म्हणून शॅडोज आधी उजळा. मग ब्रश डिटेल 14, शॅडो इंटेन्सिटी 0, टेक्स्चर 1. फिल्टर गॅलरी करडी दिसत असेल तर फाइल 16 बिट किंवा सीएमवायके (छपाईच्या रंगांची) आहे. 8 बिट आरजीबी करा.

खरं तर त्या फिल्टरवर फार विसंबूच नये. फोटोच्या दोन प्रती घ्या: पार्श्वभूमीसाठी मीडियन (बारकावे पुसणारा फिल्टर) 12, फुलाच्या गाभ्यासाठी मीडियन 4, आणि मधे लेयर मास्क, म्हणजे वरच्या प्रतीचा हवा तो भाग झाकणारा पडदा. वर फाइंड एजेस (कडा शोधणारा फिल्टर) लावून रंग काढून टाकलेली प्रत, मल्टिप्लाय, 25 टक्के. खऱ्या जलरंगात पाणी सुकताना रंग कडेला सरकून गडद रेघ उठते, ती यातून साधते. सगळं मिळून वीस मिनिटं. तेवढाही धीर नसेल तर मोबाइलचं अ‍ॅप आहेच, निकालही तसाच येईल.

मोगरा आणि पांढरी शेवंती: जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. फोटोतला पांढरा मात्र निळसर राखाडी असतो. लेव्हल्सनं तो कागदाच्या रंगाला आणा आणि फुलामागे पानांचा गडद हिरवा ठेवा. फूल त्यावरच उठतं. निव्वळ काळाही नको, लेव्हल्सच्या आउटपुटमध्ये 0 चा आकडा 40 करा.

चौकट काठोकाठ भरू नका. मास्कवर ओबडधोबड ब्रशनं कडा खा.

गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत झेंडूच्या ढिगाचे फोटो येतात. त्यांचं पिठलं होतं. एक फूल घ्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेला फोटो नको, तो दाबून लहान केलेला असतो. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा.

कागदाचा पोत सगळ्यात शेवटी द्या. चित्र ए3 ला 300 डीपीआयनं, म्हणजे 3508 बाय 4961 पिक्सेलपर्यंत वाढवा, त्यानंतरच पोताचा लेयर मल्टिप्लायवर, 20 टक्क्यांच्या आत. आधी दिला तर वाढवताना त्याचे दाणे साबुदाण्याएवढे होतात. प्रिंट मॅट कागदावरच. चकचकीत फोटोपेपरवर काढली की लांबूनही फोटोच वाटतो.