घरच्या बैठकीसाठी हॉर्न स्पीकर: सगळा जीव गळ्यात ओता

हॉर्न, म्हणजे स्पीकरचा भोंगा, देखणा व्हावा म्हणून कागदावर कमळ नाहीतर शंख काढून तो सुताराच्या हातात देऊ नका. ड्रायव्हर म्हणजे हॉर्नमागे बसवलेला, आवाज तयार करणारा भाग. त्याच्या इवल्या पडद्यापाशी हवेचा दाब प्रचंड असतो. तो खोलीतल्या मोकळ्या हवेशी हळूहळू जुळवून देणं हे हॉर्नचं काम, आणि त्याचा वक्र गणितानेच ठरतो. गणिताने आलेला वक्र दिसतोही सुरेख. त्यावर शोभेची नक्षी चढवायची गरज मला कधीच वाटली नाही.

मी ट्रॅक्ट्रिक्स नावाचा वक्र सुचवतो. ब्रिटिश अभियंते पॉल व्हॉइट यांनी तो १९२०च्या दशकात लाउडस्पीकरसाठी वापरात आणला, आणि घरातल्या मापांना तो आजही उत्तम बसतो. एक इंची भोकाचा कॉम्प्रेशन ड्रायव्हर (हॉर्नसाठीचा खास ड्रायव्हर) घ्या, हॉर्नची खालची मर्यादा ४०० हर्ट्झ धरा आणि तो प्रत्यक्षात १२०० हर्ट्झच्या वरच वाजवा. तोंडाची, म्हणजे हॉर्नच्या बाहेरच्या रुंद टोकाची, त्रिज्या म्हणजे ध्वनीचा वेग भागिले (२π गुणिले ४००), साधारण १३.७ सेंटिमीटर. हॉर्नची खोली (ड्रायव्हरपासून तोंडापर्यंतची लांबी) येते सुमारे २८.४ सेंटिमीटर. म्हणजे तोंडाचा व्यास आणि खोली जवळजवळ सारखी, आणि वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरच्या) पेटीवर असा हॉर्न फार छान शोभतो. मेच्या उन्हात ध्वनीचा वेग चारेक टक्क्यांनी वाढतो, पण त्यासाठी मापं बदलायची नाहीत.

लाकूड नागपूरच्या लकडगंज बाजारातून आणा. १८ मिलिमीटरचा चांगला मरीन प्लाय घ्या, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) नको. नागपुरात उन्हाळाभर घरात कूलर चालतो. त्या ओलाव्याने एमडीएफच्या कडा फुगतात आणि मग कितीही पॉलिश चढवलं तरी फुगवटा लपत नाही. वक्रानुसार प्लायची कडी कापा, एकावर एक चिकटवा आणि लेथवर फर्म्याच्या मापाने आतून सारखी करून घ्या. कामात मुरलेला खरादीवाला असेल तर हे सोपं आहे.

आता गळा, म्हणजे ड्रायव्हरला जोडलेले पहिले चार सेंटिमीटर. मलाही सगळ्यात जास्त यानेच छळलं, आणि चुकीचा सल्लाही सगळ्यात जास्त याच जागेवर मिळतो. "दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर काय बिघडतं?" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. ड्रायव्हरच्या भोकाची त्रिज्या १२.७ मिलिमीटर. तिथे त्रिज्येत २ मिलिमीटरची पायरी पडली तर क्षेत्रफळ एकदम सुमारे ३४ टक्क्यांनी वाढतं. तेवढीच चूक तोंडापाशी झाली तर फरक जेमतेम ३ टक्के. लोक मात्र तोंडाची कड दिवसभर घासतात आणि गळा झाकलेला राहतो म्हणून सोडून देतात. त्या पायरीवरून आवाज मागे फिरतो आणि गाणाऱ्या बाईच्या वरच्या सुरांना कर्कशपणा येतो. मग दोष ड्रायव्हरवर ढकलला जातो.

म्हणून गळा प्लायचा करू नका. चंद्रपूर-बल्लारपूरकडचं वाळलेलं सागवान घ्या आणि चार सेंटिमीटरचा एकसंध तुकडा कातून घ्या. भोकाचं माप कॅटलॉगवरून न घेता हातातल्या ड्रायव्हरवर व्हर्नियर (बारीक मापाची मोजपट्टी) लावून घ्या. बाहेर पडणाऱ्या नळीचा कोनही बघा. आपला वक्र गळ्यापाशी अक्षापासून सुमारे ५ अंशांनी उघडतो, दोन्ही बाजू मिळून साडेदहा. ड्रायव्हरची नळी याहून बरीच फाकलेली असेल तर सांध्यावर मोड येईल, आणि तो मोड पॉलिश पेपरने जात नाही. अशा वेळी दुसरा ड्रायव्हर निवडा. नळीचा हा कोन पाहूनच ड्रायव्हर खरेदी करा असं मी आग्रहाने सांगेन.

ड्रायव्हर आणि गळ्यामधल्या गॅस्केटच्या (पातळ चकतीच्या) भोकाची कड आत डोकावता कामा नये. सगळं घट्ट बसवण्याआधी ड्रायव्हर बाजूला ठेवा, दिवे बंद करा, गळ्याकडून टॉर्च मारा आणि तोंडातून आत बघा. पायरी असेल तर तिथे सावलीचं कडं दिसतं. ते दिसेनासं होईपर्यंत घासा, मग बोटाने चाचपा. डोळ्याला न दिसलेली कड बोटाला लागते.

तोंडाची कड बाहेरच्या बाजूला गोल वळवा, धारदार ठेवू नका.

पॉलिश आतबाहेर दोन्हीकडून करा. एकाच बाजूने केलं तर लाकूड ओलावा असमान पितं आणि वाकतं. सागाचा गळा आणि प्लायच्या कडांच्या रेघा उघड्या ठेवा, त्यावर रंग मारू नका.

जोडणी करताना हॉर्नची पातळी खाली आणावी लागते. सारख्याच विजेवर वूफर साधारण ९० ते ९५ डेसिबल आवाज देतो आणि हॉर्नवरचा ड्रायव्हर १०५ ते ११०, त्यामुळे एल-पॅड (आवाज कमी करणारी रेझिस्टरची जोडणी) लावा. हॉर्न पेटीला पक्का ठोकू नका. तो मागेपुढे सरकवता आला तर वूफर आणि हॉर्नचा आवाज कानाशी एकाच वेळी पोहोचेल अशी जागा सापडते. फरशी आणि उघड्या भिंतींच्या बैठकीत दोन्ही हॉर्न थोडे आत, ऐकणाऱ्याच्या दिशेने वळवा. जागा ठरवताना कूलर बंद ठेवा, नाहीतर त्याच्या घरघरीत काहीच नीट कळणार नाही.